लिस्बनहून बाबांना पत्र

लिस्बन, पोर्तुगाल

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ज्या राजधानीतून आपल्या वसईवर दोनशे वर्षे हुकूम सुटत होते, तिथे त्या काळाचे आज काय उरले आहे, असे आपण मागील पत्रात विचारले होते. उत्तराचा आरंभ १ नोव्हेंबर १७५५ पासून करावा लागतो, कारण आजच्या लिस्बनची घडण त्या एका सकाळी ठरली.

सर्व संतांचा सण असल्यामुळे त्या दिवशी चर्चे माणसांनी भरली होती आणि आत मेणबत्त्या जळत होत्या. साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला. जीव मुठीत धरून लोक तेजो नदीच्या मोकळ्या काठाकडे धावले, तर थोड्याच वेळात समुद्राच्या लाटा नदीमुखातून आत शिरल्या. आणि जे उरले ते कित्येक दिवस धुमसणाऱ्या आगीने नेले. नदीकाठचा राजवाडा, राजग्रंथालय, त्याच वर्षी उघडलेले ऑपेरागृह आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारी कासा दा इंदिया ही कचेरी नष्ट झाली. राजदप्तरखान्याचा मनोराही कोसळला, परंतु तेथील प्रमुख मानुएल दा माइया यांनी, वयाची पंचाहत्तरी उलटलेली असताना, बहुतेक कागदपत्रे ढिगाऱ्यातून वाचवली. या साऱ्या हकिकतीत मला हेच गृहस्थ सर्वांत मोठे वाटतात, कारण राज्याचे मुख्य अभियंतेही तेच होते आणि नव्या शहराचे आराखडे त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले.

त्या आराखड्यांना पुढे मार्क्विस पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने बळ दिले. बैशा भागातील सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते ही त्यांचीच देणगी. तेथे दुरुस्तीसाठी गिलावा काढलेली एक भिंत मला जवळून पाहता आली. उभ्या, आडव्या आणि फुलीच्या आकारात बसवलेल्या तिरप्या तुळया, आणि मधल्या पोकळीत दगडविटांचा भराव. भूकंपात भराव ढासळला तरी लाकडी सांगाडा तग धरील, असा त्यामागचा विचार होता.

भूकंपापूर्वीचे लिस्बन पाहायचे तर अल्फामाच्या गल्ल्यांत चढावे. वरचा किल्ला राजा आफोंसो एन्रिकेश याने ११४७ मध्ये मूर मुसलमानांकडून जिंकला. किंवा मग बेलेमला जावे. तेथील जेरोनिमोस मठाचे बांधकाम १५०१ मध्ये सुरू झाले आणि त्याचा बराचसा खर्च मसाल्यांच्या व्यापारावरील करातून निघाला. दगडात कोरलेले दोरखंड पाहताना डोळे निवतात, पण तो पैसा कोठून आला हे मला विसरता येत नाही. वास्को द गामाची कबर येथेच आहे. जवळच्या बेलेम बुरुजावर, एका टेहळणी-मनोऱ्याच्या तळाशी, गेंड्याचे मस्तक कोरले आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला गेंडा १५१५ मध्ये जहाजाने लिस्बनला पोहोचला होता. ते शिल्प आता इतके झिजले आहे की कोणी बोट दाखवल्याशिवाय सापडत नाही.

मला मात्र सर्वांत अधिक भिडला तो कार्मोचा मठ. छत १७५५ मध्येच गेले, नुसत्या कमानी आकाशाखाली उभ्या आहेत. वसईच्या किल्ल्यातील चर्चांसारख्याच. त्याचे छत पुन्हा न घालण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. समोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांनी पंतप्रधान मार्सेलो काएतानो यांना शरण यायला लावले आणि सुमारे अर्धशतकाची हुकूमशाही संपली. बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुले खोवली ती त्याच दिवशी. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, तरी पोर्तुगालने भारताचे तेथील सार्वभौमत्व करार करून मान्य केले ते या क्रांतीनंतर, १९७४ च्या डिसेंबरात.

मठाची आणि त्या भिंतीची छायाचित्रे सोबत पाठवीत आहे. तीर्थस्वरूप आईस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
मुलगा