सूचना: विद्यार्थी व्हिसा आणि ४८ तासांचा हिशेब

नोकरी करणाऱ्या सर्व विद्यार्थी सभासदांसाठी.

ऑस्ट्रेलियाच्या सबक्लास ५०० म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते. घोळ होतो तो पंधरवडा मोजण्यात. पगाराचा पंधरवडा इथे चालत नाही. कोणत्याही सोमवारपासूनचे १४ दिवस धरतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात २०, दुसऱ्यात २८ आणि तिसऱ्यात पुन्हा २८ तास केले, तर पहिली जोडी ४८ची, पण दुसरी ५६ची भरते आणि अट मोडते. रोस्टर हातात आला की मागच्या-पुढच्या आठवड्याशी बेरीज करा, मगच जादा शिफ्टला हो म्हणा. दोन नोकऱ्यांचे तास एकत्र धरायचे. रोखीचे तासही त्यातच. "कोण बघतंय" हा भरवसा महागात पडतो.

अभ्यासक्रम सुरू होण्याआधी काम अजिबात नको. अधिकृत सुट्टीत मर्यादा नाही. संशोधनाची मास्टर्स किंवा पीएचडी सुरू झालेल्यांनाही नाही.

टीएफएन (टॅक्स फाइल नंबर, म्हणजे कराचा ओळख क्रमांक) एटीओकडून, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याकडून, फुकट मिळतो, एजंटला पैसे कशाला? नोकरी लागल्यापासून २८ दिवसांत तो मालकाला कळवा, नाहीतर सर्वांत चढ्या दराने कर कापला जाईल.