आत्याच्या वाड्यातली पाच पावलं

प्रिय सई,

पटकथा दोनदा वाचली. आत्याच्या वाड्यात करायच्या तुझ्या स्वप्नावरच्या आठ मिनिटांच्या फिल्मला अकरा पानं जास्तच झाली. त्यातली निम्मी पानं मुलीला आतून काय वाटतं हे सांगण्यात गेली आहेत आणि ते कॅमेऱ्याला दिसणार नाही. ती गाळलीस की पाच-सहा पानं उरतात, आणि ती चांगली आहेत. कडी वाजते, मुलगी दार उघडते, बाहेर तीच उभी. हे ठेव. धुराचं मशीन, निळा फिल्टर, जळणारी बाहुली आणि काटे नसलेलं घड्याळ मात्र काढून टाक. ती दुसऱ्यांची स्वप्नं आहेत गं, वापरून वापरून विटलेली.

स्वप्नात सगळंच विचित्र नसतं. घर तेच, तांब्या त्याच जागी, देवळीतली पणती तिथेच, आणि एकच गोष्ट चुकलेली. म्हणून अशा फिल्मची कंटिन्युइटी (शॉटमागून शॉट वस्तू जिथल्या तिथे राहणं) साध्या कौटुंबिक फिल्मपेक्षा कडक लागते. तिथे तांब्या वीतभर सरकला तरी कुणाचं लक्ष जात नाही. तुझ्या फिल्ममध्ये तो सरकला की प्रेक्षक त्याचा अर्थ लावत बसतो आणि दारातली दुसरी मुलगी त्याच्या हातून निसटते. प्रत्येक सेटअपनंतर, म्हणजे कॅमेऱ्याची जागा बदलण्याआधी, मोबाइलवर चार फोटो काढायला एक माणूस नेमून टाक. त्याला दुसरं काम देऊ नकोस.

अमेरिकेतल्या प्रायोगिक दिग्दर्शिका माया डेरेनची 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' तू पाहिली आहेस, पण आता आवाज बंद करून पाहा. ती १९४३ मध्ये मूकच होती. संगीत १९५९ मध्ये आलं, तेइजी इतोचं. लॉस एंजेलिसमधलं राहतं घर, १६ मिमी कॅमेरा, नवरा-बायको दोघं, आणि वस्तू तरी काय? किल्ली, सुरी, पाव, फोन, फूल. किल्लीची सुरी होते तेव्हा कसलाही ट्रिक शॉट नाही, नुसता कट आहे. डेरेनला स्वतःवर 'सररिअलिस्ट' हा शिक्का मारलेला आवडायचा नाही आणि त्यातलं चिन्हशास्त्र उकरणाऱ्यांचाही तिला वैताग होता. तुझ्या पटकथेच्या समासात 'उंबरठा = आईपण' असं लिहिलेलं दिसलं. ते खोडलंस तर बरं.

त्या फिल्ममधली पावलं आठव. मुलगी टेबलावरून उठते आणि एकेक पाऊल वेगळ्या जमिनीवर पडतं: वाळू, गवत, फरसबंदी, मग घरातला गालिचा. तू तेच वाड्यात करणार आहेस: जिन्याची लाकडी पायरी, ओसरीची शहाबादी, उसाचा पाला, गच्ची, शेवटी घाटाचा ओला दगड. कागदावर हे सोपं दिसतं, आणि बहुतेक विद्यार्थी नेमके इथेच आपटतात.

चालणारा माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एका पावलाला बारा-तेरा फ्रेम. तेवढ्यात डोळ्याला पाय दिसतो, जमीन कळत नाही. तेव्हा तिला मुद्दाम संथ चालायला लाव, एका पावलाला वीस फ्रेम तरी मिळू देत. स्लो मोशनने तो वेळ मिळवू नकोस, कारण मग पाय तरंगतो आणि कट गोडगोड होतो. प्रत्येक जमिनीवर सलग तीन पावलं घे. मधलं वापरायचं, आजूबाजूची दोन कट सरकवायला हाताशी असतात. पाचही ठिकाणी पाय डावीकडून उजवीकडेच जाऊ दे, आणि उजवा-डावा क्रम चुकवू नकोस: पायरीवर उजवा तर ओसरीवर डावा. कॅमेऱ्याची उंची आणि पायापासूनचं अंतर सगळीकडे एकच. टेप काढत बसण्यापेक्षा सुतळीला दोन गाठी मार, एक उंचीची, एक अंतराची. कॅमेरा एक वीत वर, दीड मीटरवर, ३५ मिमी लेन्स, हे चालेल. लेन्स बदलू नकोस. मणी कौल यांनी 'उसकी रोटी' फक्त दोन लेन्सवर काढला, २८ आणि १३५ मिमी. तुला आठ मिनिटांसाठी एक पुरते.

कट पाय जमिनीवर टेकल्यावर करू नकोस. पाय हवेत असताना, खाली येऊ लागला की कर. म्हणजे पाय एका जागेतून उचलला जातो आणि दुसऱ्या जागेत टेकतो, आणि मधली जागा प्रेक्षक स्वतःच भरतो. ऊन पाचही शॉटमध्ये एकाच बाजूने यायला हवं. घाटावर सकाळी आठला गेलीस आणि गच्चीवर दुपारी चारला, तर सावली उलटी पडेल आणि जोड लगेच दिसेल. ओला दगड क्रमात शेवटी ठेवलास ते योग्य आहे, नाहीतर ओला पाय पाल्यावर कोरडा कसा झाला हा प्रश्न उभा राहतो. पैंजणाचा आवाज मात्र पाचही पावलांना एकच लाव. जमिनीचा आवाज बदलू दे, पैंजण बदलू नये. सगळं शिवणारा धागा तोच आहे.

आता दारातल्या दोन मुली. एकीला दोनदा घेऊन मध्ये मास्क टाकायचा (फ्रेमचा एक भाग एका टेकचा, दुसरा दुसऱ्याचा), पद्धत जुनीच. ट्रायपॉडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या, कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद (ट्रायपॉडवर ते चालू राहिलं की फ्रेम हळूच सरकते, आणि ते तुला घरी आल्यावर कळतं), फोकस मॅन्युअल, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स ठरवून लॉक, शटर १/५०. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची आहे, १/६० ठेवलंस तर ओसरीतल्या ट्यूबचे पट्टे फ्रेममधून चालायला लागतील. आधी कुणीच नसलेलं रिकामं दार दहा सेकंद घे. मग आतली मुलगी, मग बाहेरची. जोडाची रेघ दाराच्या चौकटीवरून ने. चौकटीचं लाकूड रेघ लपवतं.

तीन गोष्टी इथे बिघडतात. पहिली सावली. आतल्या मुलीची सावली चौकट ओलांडून बाहेर गेली की मास्कमध्ये ती अर्धी कापली जाते. म्हणून प्रकाश असा घे की सावल्या मागे पडतील. दुसरा वेळ. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. तिने साडी बदलून केस बांधायला अर्धा तास घेतला तर चौकातली उन्हाची तिरीप एका दगडावरून दुसऱ्या दगडावर गेलेली असते. दोघींचा पोशाख एकच ठेव, फरक केवळ वेणीचा. पाच मिनिटांत उरकतं. तिसरी नजर. समोर कुणी नसलं की नट भिंतीकडे बघतो. बांबूच्या काठीला तिच्याच डोळ्यांच्या उंचीवर लाल दोरा बांध आणि तिला दोऱ्याकडे बघायला सांग. पहिल्या टेकचा आवाज दुसऱ्या टेकच्या वेळी तिच्या कानात वाजव, म्हणजे उत्तरं वेळेवर येतील.

आरशात हात बुडवण्याचा शॉट संगणकावर करायचा म्हणतेस. नको. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ कॉक्तोने १९३० च्या सुमाराला हे पाण्यावर केलं: आरसा म्हणजे आडवं पाणी, सेट आडवा आणि कॅमेरा वरून. आत्याकडे मोठी परात आहे. तळाला काळं प्लास्टिक, वर काठोकाठ पाणी, कडेने जुन्या आरशाची चौकट. कॅमेरा बरोबर वर, लेन्सएवढं भोक पाडलेल्या काळ्या कापडामागून, नाहीतर पाण्यात कॅमेराच दिसेल. हात सरळ खाली जातो आणि एडिटमध्ये फ्रेम नव्वद अंशात फिरवायची. फिरवणार आहेस म्हणून चौकट आधीच आडवी लाव आणि चार-केमध्ये शूट कर, कडा कापाव्या लागतात. केस आणि पदर फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस, ते गुरुत्वाकर्षण उघडं पाडतात. काचेच्या बांगड्या मात्र असू देत. हात खाली गेला की त्या मनगटाकडे घसरतात, आणि फिरवलेल्या फ्रेममध्ये आरसा त्यांना ओढतोय असं दिसतं. तांत्रिकदृष्ट्या ती चूक आहे. मला विचारशील तर तो तुझ्या फिल्ममधला सर्वात चांगला सेकंद होईल.

उलट बोलण्याचा प्रसंग डेव्हिड लिंचच्या 'ट्विन पीक्स' मालिकेतल्या लाल खोलीवरून घेतला आहेस, ते लपत नाही आणि लपवायची गरजही नाही. रीत तीच: वाक्य रेकॉर्ड करायचं, उलटवायचं, ते ऐकून ऐकून पाठ करायचं, तसं बोलायचं, आणि मग चित्र-आवाज दोन्ही उलटवायचं. मराठीत मात्र एक अडचण आहे. तू "दार उघड" हे अक्षरांवरून उलटं लिहिलं आहेस, 'डघउ रदा'. तसं होत नाही. आपल्या लिपीत स्वर व्यंजनाला चिकटलेला असतो, ध्वनीत तो नंतर येतो. ध्वनी उलटवला की 'डघुराद' मिळतं. त्यातला घ आणखी त्रास देतो, कारण त्याचा हकार ग च्या नंतर येतो. उलट्यात तो आधी यायला हवा, 'डह्गुराद'च्या जवळपास, आणि ते तोंडाला जमत नाही. ख, घ, भ, थ असलेली वाक्यं टाळ. क, ट, प यांचे स्फोटही उलटे झाले की मऊ पडतात. म, न, ल, र आणि स्वर छान उलटतात. "दार उघड"च्या जागी "आई, मी आले" घे. त्याचं उलट 'एलाईमीआ', तासाभरात पाठ होईल. आपण वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणतो, म्हणून उलटं बोलताना तिने खालून सुरू करून वर जायचं. एका वाक्याला तीन सेकंदांहून जास्त नको. आणि त्या शॉटमध्ये तिला पापण्या मिटू दे. पापणी पटकन मिटते आणि सावकाश उघडते. उलटवल्यावर ती सावकाश मिटते आणि पटकन उघडते, प्रेक्षकाला कारण कळत नाही पण मान किंचित मागे जाते.

उखळातून तांदूळ आपणहून बाहेर येतात तो शॉट पाच सेकंदांचा लिहिला आहेस. म्हणजे १२५ फ्रेम. एक फोटो दोन फ्रेम धरला तर ६३ फोटो. दर फोटोला पाच-सहाच दाणे हलव, सगळे हलवलेस तर नुसती वळवळ दिसते. खिडक्या चादरींनी बंद, एकच दिवा, कपडे गडद, नाहीतर तुझ्या पांढऱ्या कुडत्याचा प्रकाश तांदळावर येत-जात राहील. लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) पूर्ण उघडं ठेव. मधल्या आकड्यावर पाती दर फोटोला केसभर वेगळी मिटतात आणि शॉट लुकलुकतो. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा पेरून तो एकेक फ्रेमने उगवताना टिपला होता. प्रायोगिक सिनेमा आपल्याकडे पॅरिसहून आला असं वर्गात कुणी म्हणालं तर हे सांग.

प्रतिमांच्या निवडीबद्दल एवढंच. दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दालीने १९२९ च्या 'अं शियें आंदालू' या फिल्मसाठी नियम ठेवला होता की जिचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल अशी प्रतिमा घ्यायची नाही. म्हणून ते काहीही जोडत बसले असं समजू नकोस. चंद्रावरून ढगाची बारीक रेघ सरकते, मग डोळ्यावरून वस्तरा (डोळा मेलेल्या वासराचा होता). अर्थ जोडलेला नाही, पण वर्तुळ आणि त्यावरून आडवी जाणारी रेघ अगदी जुळवलेली आहे. तुझ्या यादीतल्या प्रतिमा कागदावर रेघांनी काढून बघ. उखळ गोल, परात गोल, कडी गोल. हे तुझ्या आधीच हाताशी होतं आणि पटकथेत त्याचा उल्लेख नाही.

आवाजाला घुमवणारा रिव्हर्ब लावू नकोस, स्वप्न म्हणजे विहीर नव्हे. ओसरी, माजघर, चौक, गच्ची, प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प करून पूर्ण एक मिनिट रूम टोन (त्या जागेचा शांततेतला आवाज) घे. आत्याचा फ्रिज बंद करायला विसरू नकोस आणि नंतर चालू करायलाही. बंद केलास की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. मुलगी दार उघडते तेव्हा माजघराचा टोन चालू दे आणि दुसरी दिसताच तो पूर्ण काप, दीड सेकंद, एकही आवाज नाही. संगीत तिथे नको. कुठेच नको, खरं तर, पण ते तू ठरव.

घाटावर शूटिंगसाठी नगरपालिकेची परवानगी आधी काढ, आणि रविवार टाळ. पावलांचे पाच शॉट आणि दार पहिल्या दिवशी, परात आणि तांदूळ दुसऱ्या दिवशी घरात, म्हणजे ढग आले तरी अडत नाही. कार्ड पुसण्याआधी दोन ठिकाणी कॉपी.

सुतळी, लाल दोरा आणि काळं प्लास्टिक कुरियरने पाठवते आहे. परात नीट पुसून परत दे, त्यात आत्या दिवाळीचा चिवडा कालवते.

तुझी,
आई