वाढदिवसाची थीम मुलाच्या मापाची असावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एक-दोन वर्षांच्या मुलांचे वाढदिवस हॉल घेऊन, ‘थीम’ ठरवून साजरे करण्याची पद्धत आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही फुग्यांची कमान लावून देणारे भेटतात आणि सजावट, केक, छायाचित्रकार व रिटर्न गिफ्ट धरून खर्च सहज पाच आकड्यांत जातो. त्याला उधळपट्टी म्हणून नाके मुरडणारी पत्रे वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. माझा सूर तो नाही. थीम ही हौसेची गोष्ट आहे आणि आपल्याला ती नवीनही नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणाऱ्या बोरन्हाणात काळे झबले, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, उसाचे करवे असा सगळा थाट ठरलेलाच असतो, आणि तो घरच्या बायका हाताने करत आल्या. (आता त्याचेही ‘पॅकेज’ मिळू लागले आहे, हा भाग निराळा.) माझे म्हणणे एवढेच की, दोन वर्षांच्या मुलाला जे रोज दिसते आणि ज्याचे त्याला वेड असते, त्यातून थीम निवडली तर ती घरच्या घरी जमते आणि स्वस्तही पडते.

आमच्या मुलाला रस्त्यावरून जाणारी एसटी दिसली की दुसरे काही सुचत नाही, म्हणून त्याच्या दुसऱ्या वाढदिवसाला आम्ही लाल एसटीच केली. किराणा दुकानातून मोठी खोकी आणली, त्यांना लाल क्रेप पेपर चिकटवला, पुठ्ठ्याची चाके लावली आणि समोर ‘आजोळ’ अशी पाटी टांगली. घरातल्या छोट्या पाटांची आसने झाली. सगळ्यात यशस्वी ठरली ती घंटीची दोरी. पडद्याच्या गजावरून सुतळी ओढून तिच्या टोकाला पितळी घंटा बांधली होती. एक टोला दिला की गाडी थांबते आणि दोन दिले की सुटते, हे मोठ्या मुलांनी लहानांना शिकवले आणि मग केक कापेपर्यंत ती दोरी कोणी सोडली नाही. पाच वर्षांच्या आतील मुलांना खऱ्या एसटीत तिकीट लागत नाही, त्यामुळे येथे प्रत्येकाला स्वतःचे रंगीत तिकीट मिळाले याचे अप्रूप मुलांपेक्षा आजी-आजोबांनाच अधिक वाटले. पुणे-नगर मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली, तिथपासूनच्या प्रवासांच्या आठवणी त्यांच्यात निघाल्या आणि मोठ्यांची करमणूक वेगळी करावी लागली नाही.

खाण्यापिण्यात बचत करायची तर वेळ नीट निवडावी. रात्री आठला हॉलमध्ये बोलावले की पाहुण्यांना पूर्ण जेवण द्यावे लागते आणि उत्सवमूर्ती झोपेला येऊन रडत असते. दुपारची झोप झाल्यावर, पाचच्या सुमारास दीड-दोन तासांचा कार्यक्रम ठेवला तर मोठ्यांना बटाटेवडा आणि चहा पुरतो (एसटी स्थानकाच्या उपाहारगृहाला साजेसाच तो बेत), तर लहानांना मऊ इडली, केळे व रव्याचा घरचा केक. शेंगदाणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षे मात्र चार वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवावीत, कारण ती घशात अडकतात. द्राक्षे द्यायचीच झाली तर उभी चिरून, चार फोडी करून द्यावीत. फुटलेल्या फुग्याच्या रबराचा तुकडाही तितकाच घातक असतो. केक कापताना फवारायच्या फेसाच्या बहुतेक डब्यांतला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे पेटत्या मेणबत्तीजवळ तो वापरणे म्हणजे आगीशी खेळ आहे. गंमत अशी की, पैसे वाचवण्यासाठी जे जे गाळावे, त्यातले बरेचसे मुलांच्या जिवासाठीही गाळणे बरे.

सजावटीबाबत कायद्याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभरात १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्मोकोल तसेच प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, काटे-चमचे यांवर बंदी आहे. २०२२ च्या बंदीत फुग्यांना लावायच्या प्लॅस्टिकच्या काड्याही आहेत. तरीही पहिल्या वाढदिवसाचा थर्मोकोलचा ‘१’ अजून दिसतो, दोन तास मिरवतो आणि रात्री कचऱ्याच्या गाडीची वाट पाहतो. त्याऐवजी जुन्या साड्यांच्या काठांच्या पताका एकदा शिवून घेतल्या तर त्या धुऊन पुन्हा वापरता येतात. घोटीव कागद, पुठ्ठा, रंगीत फिती असे काही विकत घ्यायचेच असेल, तर पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट येथे ते घाऊक भावात मिळते. मात्र तेथे यादी करून जावे, नाहीतर वाचवलेले पैसे तिथेच संपतात.

राहता राहिले रिटर्न गिफ्ट. खरा जाच आहे तो याच प्रथेचा, कारण एका घराने खेळण्यांचा भारी डबा दिला की पुढच्या घराला त्याहून कमी देण्याची लाज वाटते, आणि ज्यांची मिळकत बेताची आहे ते हळूहळू बोलावणेच टाळू लागतात. आम्ही आमंत्रणातच ‘भेटवस्तू आणू नये, परतभेटही नाही’ असे लिहिले होते. एक-दोघांना ते खटकले, पण बऱ्याच जणांनी बाजूला घेऊन बरे केले म्हणून सांगितले.

गृहनिर्माण संस्थांना माझी एक विनंती आहे. गणेशोत्सवाचे साहित्य जसे संस्थेच्या खोलीत जपून ठेवले जाते, तशीच वाढदिवसाची एक पेटी ठेवावी. तिच्यात कापडी पताका, स्टीलच्या ताटल्या-पेले व दिव्यांच्या माळा असाव्यात आणि ज्या घरी कार्यक्रम असेल त्याने ती नेऊन, धुऊन-पुसून परत करावी. दर वेळी वेगळी लागणारी गोष्ट फक्त थीमची, आणि ती खोक्यातून होते. आपल्या दैनिकाच्या बालपुरवणीत अशा पुठ्ठ्याच्या एसटीचा, आगगाडीचा किंवा भाजीच्या हातगाडीचा कापून चिकटवण्याजोगा आराखडा अधूनमधून छापता आला, तर तो पालकांच्या फार उपयोगी पडेल. त्याचा जरूर विचार व्हावा.

आपली विश्वासू,
एक पालक, पुणे