हिवतापाचे औषध आणि घरगुती काढे
हिवतापावरील नवी औषधे पारंपरिक वनस्पतींत शोधावीत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना रास्तच आहे. मात्र चिंगहाओ या चिनी वनस्पतीतून काढलेल्या आर्टेमिसिनिन या हिवतापाच्या औषधाचा दाखला देत तिचा घरगुती काढाही तितकाच गुणकारी ठरवला आहे, ते पटत नाही. मुळात त्या शोधाची मेख वेगळीच आहे. चौथ्या शतकातील चिनी वैद्य गे होंग यांनी मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असे लिहिले होते. उकळण्याचे नाव नाही. चिनी संशोधक तू यूयू यांनी त्यावरून ताडले की उष्णतेने गुण जात असावा. मग त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणारे ईथर हे द्रावक वापरले आणि १९७१ मध्ये त्या अर्काने प्रयोगातील उंदरांच्या रक्तातले परजीवी पार नाहीसे झाले. २०१५ चे नोबेल त्या कष्टांचे.

काढ्यात आर्टेमिसिनिन थोडे उतरते आणि दर खेपेस कमीजास्त. अपुऱ्या मात्रेने ताप उतरला तरी परजीवी उरतात व औषधाला दाद न देणारे वाण फोफावण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटना या वनस्पतीच्या चहा-काढ्याची शिफारस करत नाही, ती यामुळेच. लेखात हे यायला हवे होते.

– एक वाचक