हिरव्या रंगाआडची दिरंगाई

महोदय,

कोणत्याही प्रकल्पाची आढावा बैठक हल्ली तीन रंगांवर येऊन ठेपते. हिरवा म्हणजे सुरळीत, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे अडले. पद्धत सोयीची आहे, पन्नास ओळींचा तक्ता मिनिटभरात नजरेखालून जातो. पण रंग कोणी आणि कशाच्या आधारे भरायचा, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलेच नसते. मग धास्तावलेला माणूस दोन दिवसांच्या उशिराला लाल करतो आणि निवांत माणूस दोन महिन्यांच्या उशिरालाही ‘होईल कव्हर’ म्हणत हिरव्यात ठेवतो. बाहेरून हिरव्या आणि कापल्यावर लाल निघणाऱ्या प्रकल्पांना या क्षेत्रात कलिंगड म्हणतात, ते उगाच नव्हे.

रंगांच्या व्याख्या काम सुरू होण्याआधी, आकड्यांत ठरायला हव्यात. सरसकट ‘पाच टक्के उशीर चालेल’ म्हटले तर २०० दिवसांच्या प्रकल्पाला १० दिवस मिळतात आणि २० दिवसांच्या कामाला जेमतेम एक. त्यापेक्षा त्या कामाला किती फ्लोट आहे, म्हणजे शेवटची तारीख न हलवता ते किती दिवस लांबू शकते, ते पाहावे. १५ दिवसांचा फ्लोट असलेले काम ६ दिवस रखडले तरी हिरवे राहू शकते. क्रिटिकल पाथवरचे काम, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीतले, जिथे फ्लोट शून्य, ते दोन दिवस मागे पडले की पिवळे झालेच पाहिजे.

पिवळा आणि लाल यांतली सीमारेषा मात्र केवळ दिवसांची नसावी. उशीर झाला आहे, पण मंजूर माणसे आणि पैसा यांतच तो भरून काढायची योजना प्रकल्पप्रमुखाकडे तयार आहे, तर पिवळा. त्याच्या अधिकारात ते सुटत नाही, वरून निर्णय हवा, तर लाल. अशी व्याख्या केली की लाल रंगाला शिक्षेचा वास राहत नाही. लाल ओळीपुढे चारच गोष्टी लागतात: नेमके काय अडले, कोणाचा निर्णय हवा, कोणत्या तारखेपर्यंत आणि तो न मिळाल्यास शेवटची तारीख किती सरकेल. पिवळ्यापुढे तो हिरवा कधी होणार याची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव हवे. सलग दोन आढाव्यांत पिवळाच राहिला तर तिसऱ्यात तो आपोआप लाल व्हावा. हा नियम नसेल तर अर्धा तक्ता कायमचा पिवळा होऊन बसतो, कारण पिवळ्यात कोणालाच जाब द्यावा लागत नाही.

आकड्यांवर रंग सोडतानाही सावध राहावे. झालेल्या कामाला आजवरच्या नियोजित कामाने भागले की वेळापत्रकाचा निर्देशांक मिळतो. ४०० मनुष्यदिवसांचे काम व्हायला हवे होते आणि ३४० चे झाले, तर ०.८५. सर्वसाधारणपणे ०.९५ च्या वर हिरवा, ०.८५ च्या खाली लाल असे टप्पे धरतात. या निर्देशांकाची खोड अशी, की मूळ मुदत उलटली की नियोजित काम १०० टक्क्यांवर थांबते आणि झालेले काम हळूहळू त्याला गाठते. त्यामुळे सहा महिने उशिरा संपणारा प्रकल्पही शेवटी १.०० दाखवत हिरवा होतो! शेवटच्या तृतीयांशात म्हणून माइलस्टोनच्या, म्हणजे ठरलेल्या महत्त्वाच्या टप्प्यांच्या, तारखाच पाहाव्यात. दुसरी अडचण ‘नव्वद टक्के झाले’ या उत्तराची. दोन आठवड्यांपर्यंतच्या कामाला शून्य किंवा शंभर एवढेच गुण द्यावेत आणि मोठी कामे तपासता येतील अशा टप्प्यांत तोडावीत.

एकत्रित रंग काढताना सरासरी तर अजिबात नको. नऊ कामे हिरवी आणि एक लाल, सरासरी हिरवीच येणार. ते एक काम क्रिटिकल पाथवर असेल तर सगळा प्रकल्प लाल आहे. शिवाय शेजारी मागच्या आढाव्यातला रंगही दाखवावा. लालवरून पिवळ्यावर आलेले काम आणि हिरव्यावरून पिवळ्यावर घसरलेले काम यांत पुष्कळ फरक असतो.

अर्थात, लाल दाखवणाऱ्याला बैठकीत झोडपले जात असेल तर व्याख्या कागदावरच राहतात. २००६ मध्ये अ‍ॅलन मुलाली फोर्डचे मुख्याधिकारी झाले, तेव्हा साप्ताहिक आढाव्यात अधिकाऱ्यांचे तक्ते हिरवेच येत. त्याच वर्षी कंपनीचा तोटा बाराशे कोटी डॉलरांच्या वर गेला. अखेर त्या अधिकाऱ्यांपैकी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीची अडचण लाल दाखवली, तेव्हा मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि मदत कोण करू शकेल असे विचारले.

आता एक्सेलबद्दल, कारण बहुतेक तक्ते तिथेच बनतात. ‘उशीर ५ दिवस किंवा कमी असेल तर हिरवा’ असे सूत्र लावले की ते रिकाम्या चौकटीला शून्य समजते. म्हणजे ज्याने माहितीच भरली नाही तो हिरवा. रिकाम्या चौकटीसाठी करड्या रंगाचा नियम सर्वांत वर ठेवावा. हाताने रंगवलेल्या चौकटी साध्या सूत्राने मोजताही येत नाहीत, म्हणून चौकटीत ला, पि, हि अशी अक्षरे लिहावीत आणि रंग त्यावरून येऊ द्यावा. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे पुरुष कमी नाहीत, युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आहे. अक्षरे असली की त्यांनाही तक्ता वाचता येतो आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरही काही हरवत नाही.

— एक वाचक