ब्रास, गुंठा आणि टेपची वरची कड : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : १९५६ साली हाती घेतलेलं मेट्रिक मापांचं काम पुरं करण्याबाबत.

महोदय, स.न.वि.वि.

मी बांधकामाची अंदाजपत्रकं करतो. साइटवर मला एस्टिमेटर म्हणतात. एकाच घराचं माप मी दिवसभरात तीन-चार भाषांत लिहितो. नकाशा मिलिमीटरमध्ये येतो. सरकारी दरसूची घनमीटरवर चालते. वाळू ब्रासनं येते. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटी, पण जाडी अठरा मिलिमीटर. सळई बिलावर १० मिमी आणि मिस्त्रीच्या तोंडी 'तीन सूत'. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन सूत भरतात साडेनऊ मिलिमीटर. मधला अर्धा मिलिमीटर कुठे गेला हे विचारायचं नसतं, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यातच कळतं.

सळईचं सोडा, ती कारखान्यातून मिलिमीटरनंच निघते. फरशीचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घरमालकानं दहा बाय बाराच्या खोलीसाठी स्वतःच हिशेब केला. दोन बाय दोनची फरशी; दहा फुटांत पाच, बारा फुटांत सहा, एकूण तीस. माणूस हिशेबात चुकला नव्हता. पण दुकानात जिला 'दोन बाय दोन' म्हणतात ती फरशी ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट होतात ६०९.६ मिलिमीटर. पाच फरशा लावून झाल्यावर एका भिंतीशी साधारण पावणेदोन इंच जागा उघडी राहिली, दुसऱ्या भिंतीशी दोन इंचांच्या वर. तेवढ्या अरुंद पट्ट्या कापताना निम्म्या तुटल्या. तोवर त्या शेडच्या फरशा दुकानात संपल्या होत्या. मालक मिस्त्रीवर चिडला, मिस्त्री दुकानदारावर. मी मधे उभा होतो. चूक कुणाचीच नव्हती, आणि मला म्हणायचंय ते हेच.

तुम्ही म्हणाल, भारत तर कधीच मेट्रिक झाला. खरं आहे, आणि ते काम किती नीट झालं याचा आपल्याला विसर पडलाय. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर पैशांचा झाला. वजनमापांचा कायदा डिसेंबर १९५६ चा. १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि एप्रिल १९६२ पासून जुनी मापं बंद. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, आणि गावोगावचे वेगळे शेर वेगळे मण, हे सगळं तागडीतून उतरलं. ज्या देशात बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या देशात ही गोष्ट चार वर्षांत झाली. म्हणून 'लोकांना कळणार नाही' हे कारण आज कुणी पुढे केलं की मला हसू येतं.

ते जमलं त्याची कारणं माझ्या मते दोन. एक, तारीख ठरलेली होती आणि त्या तारखेनंतर जुनं चालणार नव्हतं. दुसरं, वजन ही हातात धरायची वस्तू आहे. शेराचं वजन दुकानातून उचलून नेता येतं, त्या जागी किलोचं ठेवता येतं. लांबीचं तसं झालं नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टेपना दोन कडा असतात, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. मिस्त्रीची नजर वरच्या, इंचाच्या कडेला जाते. त्याला ज्यानं शिकवलं त्याचीही तिथेच जायची. ती कड आहे तोवर ती नजर तिथेच जाणार.

बरं, कायद्यात काही उणं आहे म्हणावं तर तसंही नाही. २००९ चा वैध मापन कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्याचं कलम ११ वाचलंत तर दिसेल की भाव सांगणं, दरपत्रक लावणं, जाहिरात देणं, बिल करणं हे सगळं प्रमाणित एककातच हवं, तोंडी सांगितलं तरीसुद्धा. टीव्हीवाल्यांनी म्हणूनच '८० सेंमी' आधी लिहायला सुरुवात केली. आणि घरांच्या जाहिराती? रस्त्याच्या कुठल्याही फलकाकडे मान वर करून बघा. कलमात वस्तू आणि सेवा आहेत. घर-जमीन त्यात बसते की नाही याचा कीस वकील पाडत बसतील. त्यांचं पोट त्यावर आहे. तो कीस पाडायची वेळ येऊ नये एवढं एक वाक्य आपल्या खात्याला लिहिता येईल.

आज एकाच सदनिकेची कहाणी अशी आहे. फलकावर चौरस फूट. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नोंदणीत आणि करारात चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) चौरस मीटर. मुद्रांक शुल्कासाठी सरकारचा वार्षिक दरतक्ता चौरस मीटरवर. भावाची घासाघीस पुन्हा फुटावर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, हा गुणाकार घेणाऱ्याला सही करायच्या टेबलावर, समोर तिघंजण घड्याळ बघत असताना करायचा असतो. विकणाऱ्याचा तो रोजचा असतो. दोन मापं असली की रूपांतर करणाऱ्याच्या हातात तागडी जाते, आणि तो माणूस सहसा आपला नसतो.

जमिनीत तर याहून मोठा घोळ आहे. गुंठा म्हणजे तेहतीस फुटी साखळीचा चौरस, १०८९ चौरस फूट. सातबारावर मात्र हेक्टर-आर. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. दोन्ही इतके जवळ आहेत की गावात 'आर म्हणजेच गुंठा' असं सर्रास म्हणतात. माझ्या नात्यातल्या एकानं एकरभर रान घेतलं. बोलणी चाळीस गुंठ्यांची, पैसे गुंठ्याच्या भावानं, आणि खरेदीखतात चाळीस आर. मोजणी झाली तेव्हा कुंपण त्याला वाटलं त्याच्या आतच संपलं. गेले किती? जवळपास ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चार चौरस फूट. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे. करमाफीत बसणार नाही एवढा तुकडा एका शब्दाच्या फरकात गेला. फसवणूक म्हणावी तर विकणाऱ्यालाही फरक ठाऊक नव्हता. निदान तो तसं म्हणाला.

आणि हे पाचशे चौरस फूटसुद्धा बघा. ही सवलत सरकारी. पुनर्विकासाच्या घोषणा ऐका, मंत्री व्यासपीठावरून फुटांतच बोलतात. शासन निर्णयात मग ते ४६.४५ चौरस मीटर होतात.

आता ब्रास. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच ढीग, म्हणजे शंभर घनफूट. महाराष्ट्रात वाळू-खडीसारख्या गौण खनिजाचं स्वामित्वधन (रॉयल्टी) आजही प्रति ब्रास ठरतं. घरकुलाच्या लाभार्थ्याला मोफत वाळू मिळते तीही पाच ब्रास. मेट्रिक कायद्याला सहा दशकं उलटून गेल्यावरही खुद्द सरकार इंग्रजी फुटावर बांधलेल्या मापानं महसूल गोळा करतंय. अंदाजपत्रकात मी घनमीटर लिहितो. एका ब्रासचे कुणी २.८३ घनमीटर धरतो, कुणी २.८० वर भागवतो. शंभर ब्रासला तीन घनमीटरांचा फरक पडतो, एका ब्रासहून जास्त. (शिवाय ओलसर वाळू फुगते, बारीक असेल तर कधी चौथाईनं. खरं तर वाळू वजनानंच विकायला हवी. पण ते दुसरं पत्र.) ब्रास आपल्या खात्याचा नाही हे मला ठाऊक आहे. मात्र मापांची प्रमाणं ठरवणं हा विषय राज्यघटनेनं संघसूचीत ठेवलाय, म्हणून हे गाऱ्हाणं दिल्लीला.

बाहेरच्या देशांतलं एकच सांगतो. अमेरिकेनं १९७५ साली मेट्रिकचा कायदा केला, पण ऐच्छिक ठेवला आणि तारीख घातली नाही. त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२ मध्ये गुंडाळलं. ऑस्ट्रेलियानं १९७० साली कायदा केला, मंडळ नेमलं, आणि जुलै १९७४ मध्ये देशभरातल्या रस्त्यांवरच्या पाट्या महिनाभरात मैलांवरून किलोमीटरवर नेल्या. त्यांच्या बांधकाम क्षेत्रानं तर सेंटिमीटरही बाजूला ठेवला, नकाशात फक्त मिलिमीटर. दशांश चिन्हाचा प्रश्नच मिटला.

माझी मागणी लोकांच्या जिभेवर बंदी घालायची नाही, हे स्पष्ट करतो. कापड आपण किती वर्षं मीटरनं घेतोय, म्हणून नऊवारीची कुणी सव्वाआठ मीटरी केली नाही. शेरास सव्वाशेर भेटायचा तो भेटतोच. तब्येत तोळामासाच राहते. सराफाकडे लोक अजून तोळाच मागतात, आणि मिळतात दहा ग्रॅम. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, पण भांडण होत नाही, कारण पावती ग्रॅममध्येच फाटते. पोरीची उंची पाच फूट दोन इंच सांगा, ताप एकशे दोन सांगा. पैसे जिथे हात बदलतात तिथे मात्र एकच माप असावं.

तेव्हा करायचं ते असं. घर आणि जमीन कलम ११ खाली येते हे नियमात शब्दांत लिहा. एक तारीख जाहीर करा, दोन-तीन वर्षं पुढची चालेल. तोवर जाहिरातीत चौरस मीटर मोठ्या अक्षरात आणि भावही चौरस मीटरचा. कंसात फूट हवा तर असू द्या, त्या तारखेनंतर तोही नको. राज्यांना सांगून ब्रासवरचे सगळे दर घनमीटरवर आणा, पूर्णांकात, २.८३ नं भागलेले नव्हे. सातबाराच्या तळाशी एक ओळ छापा : 'आर म्हणजे गुंठा नव्हे.' आणि दोन्ही कडांना मिलिमीटर असलेली टेप बाजारात आणायला उत्पादकांना भाग पाडा. या यादीतलं एकच जमणार असेल तर टेपचं करा. आमचा मिस्त्री सहा महिन्यांत सरळ होईल, आणि त्याच्या हाताखालचा पोरगा पहिल्या दिवसापासून.

आपला,
एक एस्टिमेटर

प्रत : मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई (ब्रास आणि सातबाऱ्यापुरती).