कल्याण आणि पंढरी, एकाच तक्त्यात

सोलापूर

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा कच्चा आराखडा वाचला. विषय लिंगायत आणि वारकरी परंपरांची तुलना, मर्यादा १५०० शब्द. तू केलेली विभागणी अशी: आधी बसवण्णा आणि कल्याण (कर्नाटकातलं, आजचं बसवकल्याण), मग ज्ञानेश्वर-नामदेव आणि पंढरी, शेवटी "साम्ये व भेद". हा आराखडा मोडून टाक. यात १३०० शब्द दोन वेगवेगळ्या माहितीपर लेखांत जातात आणि तुलनेच्या वाट्याला येतात उरलेले २००. तेही दमलेल्या हाताने लिहिलेले. वाचणाऱ्याला कल्याणचा मुद्दा दोन पानांपूर्वी वाचलेला असतो, तो पंढरीच्या मुद्द्याशेजारी ठेवायचं काम त्याच्यावर पडतं. ते काम तुझं आहे.

परीक्षेत अर्ध्या तासात ४०० शब्द लिहायचे असतील तर "आधी एक, मग दुसरं" ही मांडणी चालते. १५०० शब्दांना मुद्द्यागणिक दोन्ही बाजू हव्यात.

एक कागद आडवा घे आणि चार रकाने पाड: मुद्दा, कल्याण, पंढरी, "असं का?". चौथा रकाना सगळ्यांत रुंद ठेव. मधल्या दोन रकान्यांत विशेषणं नकोत. प्रत्येक घरात नाव, रचना, प्रथा किंवा साल असलंच पाहिजे, आणि खाली बारीक अक्षरात ती माहिती कोणत्या काळच्या साधनातून येते ते. एखाद्या मुद्द्याचं एक घर रिकामं राहिलं तर मुद्दा खोड. अंत्यविधी हा मुद्दा तू घेतला आहेस. लिंगायतांत दफन करतात हे बरोबर, पण वारकऱ्यांचा स्वतःचा असा वेगळा अंत्यविधी नाही, जो तो आपल्या जातीच्या रीतीने करतो. मग तुलना कशाशी? गेला तो मुद्दा.

तुझ्या आठ मुद्द्यांपैकी तीन ठेव: भाषा आणि रचना, देव भेटण्याची जागा, जात आणि लग्न. क्रमही हाच ठेव. साम्य जास्त तिथून सुरुवात करायची आणि जिथे वाटा खरोखर फुटतात तिथे संपवायचं. उलटं केलंस तर निबंध शेवटाकडे ढिला पडतो.

भाषेचं बघ. १२व्या शतकात शरण, म्हणजे बसवण्णांच्या वाटेवरचे शिवभक्त, कन्नडात वचनं (छोट्या मुक्त रचना) करतात, १३व्या शतकात ज्ञानेश्वर मराठीत गीतेवर टीका लिहितात. "दोघांनी लोकभाषा वापरली" हे वाक्य शंभर जण लिहितील. एक पायरी खाली उतर आणि रचनेची शेवटची ओळ बघ. वचनाच्या शेवटी बहुधा देवाचं नाव येतं: बसवण्णांचा कूडलसंगमदेव, अल्लमप्रभूंचा गुहेश्वर, अक्कमहादेवींचा चन्नमल्लिकार्जुन. अभंगाच्या शेवटी बहुधा बोलणाऱ्याचं नाव: "नामा म्हणे", "चोखा म्हणे", "तुका म्हणे". दोन्हींत ती कवीची सहीच, पण एक सही देवाच्या नावाने आणि दुसरी स्वतःच्या. आता "बहुधा" हा शब्द विसरू नकोस, कारण ज्ञानेश्वरांच्या अभंगांत "बाप रखुमादेवीवरु" अशी देवाच्या नावाची मुद्रा येते. अपवाद स्वतःहून सांगितला की मुद्दा पक्का होतो. लपवला तर तपासणारा पहिला तोच काढतो.

देव भेटण्याच्या जागेबाबत तू लिहिलं आहेस: "लिंगायतांनी मंदिर नाकारले, वारकऱ्यांनी स्वीकारले." दिसायला नीटस, पण टिकणार नाही. पहिल्या अर्ध्यासाठी पुरावा चांगला आहे. बसवण्णांचं ते प्रसिद्ध वचन घे: श्रीमंत शिवालयं बांधतात, मी गरीब काय करू, माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. शेवटी म्हणतात, स्थावराला (एका जागी उभं त्याला) नाश आहे, जंगमाला (चालतं त्याला) नाही. इष्टलिंग, म्हणजे छोटं शिवलिंग, अंगावर धारण करायचं, म्हणजे देऊळ माणसाबरोबर चालतं. पण आपल्याच गावात तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वराचं देऊळ उभं आहे त्याचं काय करणार? सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार, "कपिलसिद्धमल्लिकार्जुन" ही त्यांची मुद्रा. त्यांनीच सोन्नलगीत (म्हणजे आपल्या सोलापुरात) तळं खोदवलं आणि अडुसष्ट लिंगं स्थापली असं परंपरा सांगते. तळ्याचं काम चालू असताना अल्लमप्रभू आले, दोघांचा वाद झाला आणि ते सिद्धरामांना कल्याणला घेऊन गेले, हीही परंपराच. म्हणजे स्थावर की जंगम हा वाद लिंगायत परंपरेच्या आतलाच आहे.

दुसरी बाजूही तशीच वळवून बघ. विठ्ठल विटेवर उभा, एका जागी. पण वारकरी हा शब्दच वारीवरून आला, आणि वारी म्हणजे चालणं. तेव्हा परिच्छेदाचं पहिलं वाक्य असं करता येईल: "कल्याणच्या शरणांनी देवाला चालतं केलं, वारकऱ्यांनी देव उभा ठेवून भक्ताला चालतं केलं, आणि सोलापूरचा सिद्धराम या दोहोंच्या मधे उभा आहे." यात साम्य, भेद आणि अपवाद तिन्ही आले. "कानडा हो विठ्ठलु" मात्र इथे घुसडू नकोस. मोह होईल, ओळ गोड आहे, पण तो प्रभावाचा मुद्दा आहे. प्रभाव आणि तुलना या वेगळ्या गोष्टी. कोणी कोणाकडून काय घेतलं हे सांगायला वेगळा पुरावा लागतो.

तिसऱ्या मुद्द्याला सगळ्यांत जास्त जागा दे. तिथे दोन घटना समोरासमोर ठेव. कल्याणात चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न लागलं. परंपरा सांगते की बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहान्त शिक्षा दिली, कल्याणात उठाव झाला, बिज्जळ मारला गेला. काळ ११६० च्या दशकाचा. इकडे चोखामेळा. "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा" म्हणणारा माणूस देवळाबाहेरच राहिला. मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून १३३८ मध्ये गेला, आणि समाधी मिळाली ती पंढरीच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. मंगळवेढं हे एकेकाळी कलचुरींचं, म्हणजे बिज्जळाच्या घराण्याचं, ठाणं, बसवण्णांचाही तिथल्या दरबाराशी संबंध. एकाच गावाला दोन्ही कथा चिकटल्या आहेत, ही गोष्ट प्रस्तावनेसाठी राखून ठेव.

आता चौथा रकाना. असं का झालं? इष्टलिंगाची दीक्षा घेतली की नवं गणगोत तयार होतं. नवं गणगोत झालं की मुली कोणाला द्यायच्या हा प्रश्न दारात येतोच. तुळशीची माळ घालणारा आपल्या जातीतच राहतो, लग्नं जातीत होतात, समता असते ती वाळवंटातल्या कीर्तनात आणि एकमेकांच्या पाया पडण्यात. वारकऱ्यांनी देवळाच्या पूजेचा हक्क स्वतःकडे घेतला नव्हता, त्यामुळे दार उघडायचं की नाही हे त्यांच्या हातातही नव्हतं. हे वाक्य लिहिलंस की "कोणता पंथ जास्त पुरोगामी" हा निवाडा करायची गरज उरत नाही. तो करूच नकोस. पुढे लिंगायतांतही पोटजाती झाल्याच, तेवढं अर्ध्या ओळीत सांग.

साने गुरुजींचं मे १९४७ मधलं पंढरपूरचं उपोषण तू चोखामेळ्याच्या परिच्छेदात घातलं आहेस. ते काढ. एका रकान्यात १२वं शतक आणि शेजारच्यात २०वं असं झालं की तुलना लंगडी पडते. फार तर समारोपात एक वाक्य. तसंच एका बाजूला एकटे बसवण्णा आणि दुसऱ्या बाजूला ज्ञानेश्वरांपासून तुकोबांपर्यंत साडेतीनशे वर्षं, असंही नको. दोन्हीकडे साधारण पहिली शंभर वर्षं धर: तिकडे बसवण्णांची पिढी, इकडे ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, चोखामेळा. एकनाथ आणि तुकाराम या निबंधात पाहुणे आहेत.

साधनांबद्दल दीडशे शब्द वेगळे ठेव. अनुभवमंटपाचं (कल्याणातल्या शरणांच्या चर्चासभेचं) जे सविस्तर चित्र आपण रंगवतो ते मुख्यतः शून्यसंपादनेतून येतं आणि ते संकलन १५व्या शतकातलं. ज्ञानेश्वरांच्या चरित्रातल्या अनेक गोष्टी घराघरांत पोचल्या त्या महिपतींच्या भक्तविजयातून, तो १७६२ चा, म्हणजे समाधीनंतर ४६६ वर्षांनी. म्हणून "परंपरा सांगते", "वचनात येतं", "शिलालेखात आहे" ही तीन क्रियापदं वेगवेगळ्या वजनाची आहेत, जपून वापर. आणि अनुभवमंटपाला "पहिली संसद" म्हणू नकोस. भाषणात शोभतं, इतिहासाच्या निबंधात गुण जातात.

शब्दांचा हिशेब असा: प्रस्तावना १५०, तीन मुद्दे सरासरी ३५०, साधनं १५०, समारोप १५०. झाले १५००. पहिल्या मुद्द्याचे ५० कापून तिसऱ्याला दे. ३५० च्या परिच्छेदात दाव्याचं वाक्य ४०, दोन्ही बाजू १२०-१२०, उरलेले ७० "असं का?" साठी. कल्याण आधी, पंढरी नंतर, हा क्रम तिन्ही ठिकाणी तोच ठेव, काळाच्या क्रमालाही तो धरून आहे. लिहून झाल्यावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन्ही बाजू रंगव. एक रंग दुप्पट दिसला तर कुठे कापायचं ते डोळ्यांनाच कळेल. माझा अंदाज, पंढरीचा रंग जास्त भरेल, कारण मराठीत तीच माहिती हाताशी असते. "याउलट" आणि "त्याचप्रमाणे" मोज. मिळून सहाच्या वर गेले तर वाक्यं जोडलेली नाहीत, नुसती टाचलेली आहेत.

मुख्य विधान सगळ्यांत शेवटी लिही आणि प्रस्तावनेच्या शेवटी नेऊन बसव. "दोन्ही परंपरांमध्ये अनेक साम्ये व भेद आढळतात" हे विधान नव्हे, कोणत्याही दोन गोष्टींबद्दल ते खरंच असतं. माझ्या डोक्यात आलं ते असं: "दोघांनीही जातीबाहेरच्या भक्ताला जागा दिली, कल्याणात ती लग्नाच्या मांडवापर्यंत गेली, पंढरीत महाद्वाराच्या पायरीशी थांबली." हे उचलू नकोस, तुझं कर. फक्त ते असं हवं की एखाद्याला त्यावर "छे, पटत नाही" म्हणता आलं पाहिजे.

शकाचं इसवी करताना ७८ मिळव (ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९०), आणि एका निबंधात एकच गणना ठेव. आधी तक्त्याचा फोटो पाठव, रिकामी घरं तशीच दिसू देत. परिच्छेद त्यानंतर.

तुझे अप्पा